कॅमेरा कुणाच्या बाजूला?

मी सिनेमाचा जाणकार नव्हे. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारा माणूस. पण रक्कम जमेला धरली की नावे टाकली यावर जसा हिशेब फिरतो, तशी कॅमेरा कुठे उभा केला यावर गोष्ट फिरते. हे मला दाखवले ते आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी.

ग्रामीण मराठी चित्रपटाचा जुना साचा आपल्याला पाठ आहे. पाटील, वाडा, तमाशाचा फड, आणि आपली माणसे कडेला हात जोडून उभी. ‘फँड्री’त (२०१३) कॅमेरा वाडा सोडून जब्या या कैकाडी पोराबरोबर चालतो. डुकरामागे पळापळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे कुटुंब जागीच थांबते, डुक्कर निसटते. नंतर काठीला बांधलेले डुक्कर घेऊन तीच माणसे शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई! त्यावर कुणी भाषण करीत नाही, हे विशेष. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. टिंगल करणाऱ्यांच्या जागी आपण बसलेलो असतो.

‘सैराट’मध्ये (२०१६) मात्र त्यांनी साचा आधी मनसोक्त वापरला. स्लो मोशन, अजय-अतुल यांची गाणी, बुलेटवरची नायिका. मग एकेक काढून घेतले. शेवटी तर आवाजच नाही. फक्त लेकराची रक्ताने माखलेली पावले.

आमच्या होटगीत टीव्हीवर ‘सैराट’ लागला की पोरे ‘झिंगाट’वर नाचतात आणि शेवट यायच्या आत कुणीतरी टीव्ही बंद करते. एक ताई म्हणाल्या, “दादा, पोरगी सोलापूरला कॉलेजला जाती. तेवढं नका दावू तिला.” त्यांची भीती खोटी नाही. पण नाच दाखवून पावले झाकली, तर मुलीला अर्धाच सिनेमा कळणार, आणि आपल्या बाजूने बोलायचे राहूनच जाणार.

म्हणून एका रविवारी विहारात सर्वांनी मिळून शेवटपर्यंत पाहिला. आवाज का बंद केला असेल, असे मी विचारले. दहावीतली एक मुलगी म्हणाली, “बाळाला काय झालंय ते कळत नाही ना, म्हणून आपल्यालाबी काही ऐकू येत नाही.” मला हे सुचले नव्हते. मागे बसलेल्या बायका मग बराच वेळ बोलत राहिल्या. सिनेमावर कमी, घरातल्या लग्नांवर जास्त.

आता ‘झुंड’ (२०२२) लावणार आहोत. त्यातल्या भीमजयंतीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन कुठे उभे आहेत, ते नीट बघा, असे मुलांना आधीच सांगून ठेवले आहे.