भाचीची लंडनची इंटर्नशिप आणि आमचा बडोद्याचा वाडा



मी मूळची बडोद्याची, दांडिया बाजारातली. लग्न होऊन १९८४ साली इंग्लंडला आले ती इथलीच झाले. लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये राहते. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजीला गेले की दुकानदाराशी गुजरातीत बोलते, घरी मराठीत आणि शेजारणीशी इंग्रजीत. म्हणजे बडोद्यात जे चाललं होतं तेच इथे चाललंय, फक्त थंडी जास्त.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींनी आपापल्या जुन्या घरांबद्दल लिहिलेलं मी नेहमी वाचते. आज आमच्या घराबद्दल लिहिते. पण त्याची सुरुवात बडोद्यात नाही, लंडनमध्ये आहे, आणि तीही एका अमेरिकन मुलीपासून.

ही मुलगी म्हणजे माझी भाची. माझा धाकटा भाऊ एम. एस. युनिव्हर्सिटीतून इंजिनीअर होऊन अमेरिकेला गेला आणि ओहायोत स्थायिक झाला. तो गेला तेव्हा पोर चौदा वर्षांची होती. आता ती तिकडे आर्किटेक्चर शिकते. (नाव लिहू नकोस असं तिने बजावलंय, म्हणून भाचीच म्हणते.) दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "आत्या, मला एक सेमिस्टर लंडनमध्ये मिळालंय, जानेवारी ते एप्रिल. तुझ्याकडे राहू का?" मी म्हटलं, "असं विचारतात का गं?"

अमेरिकन युनिव्हर्सिट्यांची ही एक पद्धत आहे. मुलं चार महिने इथे येतात, आठवड्यातले दोन दिवस वर्ग आणि तीन दिवस कुठल्यातरी ऑफिसात काम. हिला क्लर्कनवेल भागात जुन्या इमारतींची डागडुजी करणारं एक छोटं ऑफिस मिळालं. पगार नाही, कॉलेजचे क्रेडिट मिळणार. मी म्हटलं, "म्हणजे फुकट राबवून घेणार!" तर म्हणाली, "आत्या, शिकवणार पण ना." रोज सकाळी पोळी-भाजीचा डबा घेऊन हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाईनने फॅरिंगडनला जायची. १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टन ते फॅरिंगडन धावली, ती हीच. माझा चाळीस वर्षांचा रस्ता, पण हे मला तिने सांगितलं.

पहिले पंधरा दिवस तिची नुसती तारांबळ. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला तो "फर्स्ट फ्लोअर". इथे आपल्यासारखा आधी तळमजला, मग पहिला. ती एका घराच्या भलत्याच मजल्यावर जाऊन भिंती तपासून आली. तारखेत ती महिना आधी लिहायची. आणि मापं! तिचं सगळं शिक्षण फूट-इंचात, ऑफिसातले नकाशे मिलिमीटरमध्ये, आणि ज्या घराचं काम चाललं होतं ते मुळात बांधलेलं इंचांत. रात्री जेवताना बोटांवर हिशेब चालायचा. मी म्हटलं, "आमच्या आजोबांचं सोपं होतं. हात आणि वीत."

पण काम तिला मनापासून आवडलं. एकदा म्हणाली, "आत्या, या जुन्या भिंतींचा जीव चुन्यात आहे." लंडनची ती जुनी पिवळट विटांची घरं चुन्यात बांधलेली. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण साध्या घरांच्या बांधकामात चुना त्यानंतरही कितीतरी वर्षं वापरात होता. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल तो बाहेर सोडतो. पुढे कोणीतरी दुरुस्ती म्हणून वरून सिमेंटने सांधे भरतो. सिमेंट कडक, ते ओल अडवतं. मग ओल विटेतून वाट काढते आणि थंडीत विटेचे पापुद्रे सुटतात. हिचं काम काय, तर सिमेंट कुठे कुठे लागलंय ते नकाशावर मांडायचं.

हे ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला. कारण त्याच आठवड्यात बडोद्याहून माझ्या चुलतभावाचा, दादाचा, निरोप आला होता: वाडा बिल्डरला द्यायचा ठरतोय, संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. माझी, भावजयीची आणि या पोरीचीसुद्धा. कारण काय, तर भिंतींना ओल, खालून पोपडे पडतात. आणि पंचवीस वर्षांपूर्वी खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केलेला मला पक्का आठवत होता.

पोरीचे डोळे चमकले. "म्हणजे वाडा वाचवता येईल?"

मी म्हटलं, "ओल कदाचित जाईलही. पण दादा सत्तरीचा आहे. वहिनीचे गुडघे गेलेत, ती दिवसातून चार वेळा तो जिना चढते. राहणारे ते, हळहळणारे आपण." त्यावर ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी येताना मोठ्या कागदांची गुंडाळी घेऊन आली. "मला वाडा सांग. मी काढते." तिने वाडा एकदाच पाहिला होता, सहा वर्षांची असताना.

शनिवार-रविवार फिरायचे. लंडनचं एक बरं आहे, मोठी संग्रहालयं फुकट. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी, सगळीकडे नुसतं आत शिरायचं. पण तिला मी पर्यटकांच्या यादीत नसलेली दोन ठिकाणंही दाखवली, आणि वाड्याच्या कागदावर परिणाम झाला तो त्या दोन ठिकाणांचा.

पहिलं, प्रिमरोझ हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. दारावरची निळी पाटी वाचून पोर आत गेली, आणि कोलंबियाचा उल्लेख दिसल्यावर एकदम म्हणाली, "आत्या, हेसुद्धा अमेरिकेत शिकून लंडनला आले!" मी म्हटलं, "आणि पहिल्यांदा पाठवले कोणी? आपल्या बडोद्याने." सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना शिष्यवृत्ती दिली, ते मी अभिमानाने सांगितलं. मग पुढचंही सांगावंच लागलं. १९१७ साली ते ठरल्याप्रमाणे बडोदे सरकारच्या नोकरीत आले, आणि अख्ख्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी उतारगृहात राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन घालवलं. कमाटी बागेत झाडाखाली बसून राहिले आणि शेवटी मुंबईला परत गेले.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आत्या, तेव्हा आपला वाडा होता?"

"होता. पणजोबांनी त्याआधीच बांधला होता."

"आपण खोली दिली असती?"

बडोद्याच्या माणसाला या प्रश्नाची पळवाट ठाऊक असते. महाराज किती पुरोगामी, राज्य किती पुढारलेलं, सक्तीचं शिक्षण आपल्याकडे आधी आलं. हे सगळं खरंच आहे. पण ती महाराजांबद्दल विचारत नव्हती, आपल्याबद्दल विचारत होती. मी म्हटलं, "नसती दिली."

त्या रात्री नकाशा काढताना तिने विचारलं, "परसाच्या भिंतीत हे छोटं दार का आहे? इथे रस्ता तर नाही." मी सांगितलं, तो मागचा बोळ. संडास साफ करायला येणारी माणसं तिथून यायची, पुढच्या दाराने नाही. आजी त्यांना भाकरी वरून टाकायची. पोरीने पेन्सिल ठेवली, जरा वेळ थांबली. मग ते दार नीट मापात काढलं आणि खाली माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं, "मागचं दार, कोणासाठी ते". बाकीच्या खोल्यांना जशी नावं, तसंच त्यालाही. मला ते बरोबर वाटलं. वाड्याचं कौतुक करायचं तर वाडा पुरा काढायला हवा.

दुसरं ठिकाण ब्रायटन. व्हिक्टोरियाहून गाडीने तासाभराचा रस्ता. तिथला रॉयल पॅव्हेलियन पाहून ती हसायलाच लागली, समुद्रकाठच्या इंग्रजी गावात घुमट आणि मिनार! १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅशने त्याला हे रूप दिलं, आणि तो हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी काढलेल्या चित्रांवरून त्याने हे रचलं. मी तिला आमचा लक्ष्मी विलास सांगितला. मेजर मँटने काम सुरू केलं, १८८१ मध्ये तो वारला, मग चिझमने १८९० मध्ये पुरं केलं. पोर म्हणाली, "नॅशने न पाहिलेल्या देशाचा महाल बांधला. मला तर निदान आत्या आहे."

पहिल्या महायुद्धात या पॅव्हेलियनमध्ये जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. पाट्या उर्दू, हिंदी, गुरमुखीत, आणि हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगवेगळे. तिथून आम्ही पॅचमच्या टेकडीवर गेलो. वर गाडी जात नाही, मेंढ्यांच्या कुरणातून चालत चढावं लागतं. वर पांढऱ्या संगमरवराची एक छोटी छत्री आहे. इंग्रजीतही तिचं नाव "छत्री"च! ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला तिथे ती १९२१ मध्ये उभारली, आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण आर्किटेक्टचा. त्यांच्या अस्थी समुद्रात सोडल्या.

समुद्र तिथून दिसतो. पोर बराच वेळ तिकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबांच्या अस्थी कुठे सोडल्या होत्या? आईने सांगितलं होतं, पण मी तेव्हा ऐकलं नाही." मी म्हटलं, "चांदोदला, नर्मदेत." तिने मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं.

मंडळी, त्यानंतर वाड्याचं काम झपाट्याने झालं. मी सांगायची ते मापात कुठे असायचं? "ओट्यावर बसलं की पाय लटकायचे." ती विचारायची, "तेव्हा किती वर्षांची होतीस?" "पाच." "म्हणजे सव्वा फुटाहून उंच. टेकायला कधी लागले?" "सातवीत." "म्हणजे दीड फुटाच्या आसपास." माजघर किती मोठं? आठ पानं मांडून वाढणारीला मधून जाता यायचं. कोनाडा किती उंच? आईचा हात पोचायचा, माझा नाही. जिन्याच्या पायऱ्या तेरा. आणि त्यातली दहावी कुरकुरते, म्हणून रात्री उशिरा सिनेमा बघून येताना तिचा बाप ती गाळून वर यायचा. हे तिला ठाऊक नव्हतं. नकाशात दहाव्या पायरीवर तिने एक बारीक फुली मारली.

एप्रिलअखेर ती परत गेली. ऑफिसने छान शिफारसपत्र दिलं. सह्यांचं आम्ही दादाला एवढंच कळवलं, की हिला येऊन मापं घेऊ दे, मग देतो. दादा म्हणाला, "या ना, घर तुमचंच आहे."

डिसेंबरच्या सुट्टीत ती एकटी बडोद्याला गेली. दादाकडे राहिली, वहिनीच्या हातचं जेवली, रोज सेव-उसळ हाणली, आणि आठ दिवस वाडा मोजला. ओटा निघाला सतरा इंच. माजघर मात्र मी सांगितल्याच्या दोन तृतीयांश, लहानपणी सगळं मोठंच दिसतं. मग चांदोदला जाऊन आली. जिन्याचा व्हिडिओ पाठवला. दहावी अजून कुरकुरते.

यंदा फेब्रुवारीत सह्या झाल्या. वाडा जाणार. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, वहिनीला जिना चढावा लागणार नाही, आणि सही करताना मला त्याचा आनंदच होता. नकाशाची एक प्रत दादाकडे, एक ओहायोला, एक माझ्याकडे.

आता तुमच्याकडे मागणं. तुमचं जुनं घर अजून उभं असेल, तर कागदावर सही करण्याआधी ते मोजा. टेप नसली तर वितीने मोजा. प्रत्येक खोलीचे चारी भिंतींचे फोटो काढा, फक्त देवघर आणि झोपाळ्याचे नकोत. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठल्या दाराने कोण यायचं. आणि कोणाकडे दांडिया बाजारातल्या जुन्या गल्ल्यांचे १९७० च्या आधीचे फोटो असतील तर इथे जरूर टाका. आमच्या नकाशात पुढचं तोरण कसं होतं ते अजून रिकामं आहे. मला आठवत नाही, दादालाही आठवत नाही, आणि ज्याला आठवलं असतं तो आता नाही.