हिवाळ्याच्या हवाली केलेलं घर

कॅनडात टोरांटोच्या उत्तरेला साधारण २०० किलोमीटरवर मस्कोका हा सरोवरांचा प्रदेश आहे. खडकाळ किनारे, पाइन आणि मेपलची झाडं आणि पाण्यालगत लाकडी घरं. या सुट्टीतल्या घरांना तिथे 'कॉटेज' म्हणतात. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या जोडसुट्टीला ती उघडतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बरीचशी बंद होतात.

घर बंद करायचं म्हणजे कुलूप लावलं की झालं, असं आपल्याला वाटतं. इथे मात्र अख्खा शनिवार-रविवार त्यात जातो. भीती चोराची नसते, पाण्याची असते. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. पाइपात थोडंसं जरी अडकून राहिलं तरी पाइप फुटू शकतो आणि ते कळतं थेट मे महिन्यात, भिंतीतून धार लागल्यावर!

म्हणून पंप बंद करून सरोवरातला पाइप बाहेर ओढतात. गीझर आणि फ्लशची टाकी रिकामी करतात, सगळे नळ उघडे ठेवतात. सिंकखालच्या वळणात मात्र पाणी लागतंच, नाहीतर घाण वास घरात येतो. तिथे अँटीफ्रीझ नावाचा गुलाबी द्रव ओततात. बर्फाच्या रेट्याने मोडू नये म्हणून लाकडी धक्का सुटा करून काठावर घेतात. फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवतात. उंदरांसाठी पीठ, पास्ता, साबणसुद्धा मागे ठेवत नाहीत. भिंतीतल्या फटींत तारेची घासणी कोंबतात.

माझ्या भाचीच्या सासरचं असंच एक कॉटेज आहे. घराखालच्या बुटक्या जागेत सरपटत जाऊन शेवटचा कॉक उघडणं हे तिच्या आजेसासऱ्यांचं काम. गेल्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला. त्यांनी टॉर्च नातीच्या हातात दिला आणि स्वतः वरून सांगत राहिले, "डावीकडे, अजून डावीकडे." खालून पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा ते काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराआड चिकटवलेल्या कामांच्या यादीत त्या कामासमोर त्यांनी नातीचं नाव लिहिलं. तोवर ती जागा कोरीच होती. ते काम त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

अशी घरं विटा-लाकडांवर टिकत नाहीत, कुणीतरी कुणाला तरी तो कॉक दाखवला म्हणून टिकतात.

बाहेर मेपलची लाल पानं पाण्यावर तरंगत असतात. १९८७ पासून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर विराजमान झालेला लून पक्षी समुद्रकिनाऱ्याकडे निघालेला असतो. सरोवर गोठतं, पण वरून. ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी राहतं. वर बर्फ तरंगतो आणि खाली मासे जगतात.

निघण्यापूर्वी एक काम उरतं. शेगडीशेजारी सुक्या काटक्या, लाकडं आणि काडेपेटी ठेवायची. काडेपेटी डब्यात, घट्ट झाकण लावून. मे महिन्यात गारठलेल्या घरात जो पहिला पाऊल टाकेल, त्याला लगेच ऊब मिळावी म्हणून.