उतारात थांबलेली गाडी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’समोर उभी राहिले, तेव्हा माझी नजर आधी चाकांवर गेली. नदीच्या उतारात थांबलेली गाडी, तिची पाण्यात बुडालेली चाकं. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की आजोबांच्या बैलगाडीची लोखंडी धाव सैल व्हायची. मग ते गाडी ओढ्यात उभी करायचे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट बसायची. चित्रातली गाडीही त्याचसाठी पाण्यात थांबली असावी, असं काही जाणकार म्हणतात. मला ते लगेच पटलं.

बिस्किटांच्या डब्यांवर आणि कॅलेंडरांवर छापून छापून हे चित्र फार गोड होऊन गेलंय. मूळ चित्र तसं नाही. जवळजवळ 130 बाय 185 सेंटिमीटरच्या त्या कॅनव्हासवर निम्मं आभाळ ढगांनी भरलंय. पाऊस येऊन गेला की यायचाय, ठरवता येत नाही. कॉन्स्टेबलचे वडील गिरणीमालक होते. सफकमधल्या फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांचीच, आणि हे दृश्य तिथलंच आहे. तरुणपणी तोही वडिलांच्या गिरण्यांत, पवनचक्कीतही, राबला होता. वाऱ्यावर दळण अवलंबून असलेल्या घरातला मुलगा ढग असेच रंगवणार.

पण चित्र पुरं झालं ते लंडनमध्ये. जवळ जुनी रेखाटनं होती, गाडीचा तपशील मात्र नव्हता. 1821च्या फेब्रुवारीत धाकट्या भावाने, एब्रमने, गावाकडून गाडीची रेखाटनं पाठवली. ती गावातल्याच जॉन डनथॉर्नने काढली होती, आणि त्या बिचाऱ्याला थंडीत फार कुडकुडावं लागलं, असंही भावाने कळवलं. चित्रातल्या भर दुपारच्या या गाडीत कुणाच्या तरी गारठलेल्या बोटांच्या रेषा आहेत, हे वाचल्यापासून मला ती वेगळीच दिसते.

त्या वर्षी रॉयल अकॅडमीत चित्र मांडलं, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. 1824मध्ये पॅरिसने त्याला सुवर्णपदक दिलं.

एक गोष्ट मात्र सलते. उजवीकडे, पार लांबच्या कुरणात, गवत कापणारी माणसं आहेत. शोधावी लागतात, पांढरे ठिपकेच ते. पुढच्याच वर्षी, 1822मध्ये, सफक आणि नॉरफोकमधल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, कारण हिवाळ्यातलं त्यांचं काम त्या यंत्रांनी हिरावलं होतं. गाडीचं चाक इतक्या जवळून ओळखणाऱ्या मालकाच्या मुलाला माणसं एवढ्या लांबून का दिसली? मी त्याच्यावर रागावत नाही. आजोबांच्या शेतात गवत कोण कापायचं, हे मला आठवतं का, म्हणून स्वतःला विचारलं. गाडी आठवली, ओढा आठवला, धावेचा आवाजही आठवला. चेहरा एकही आठवला नाही.

मग मी पुन्हा कॅनव्हासजवळ गेले आणि ते ठिपके एकेक करून मोजू लागले.