जर्नल कम्प्लीट झालं का?

‘जर्नल’ म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर काय आठवतं? रात्रीचे दोन, थर्मासमधला कोमट चहा, एकीने लिहिलेलं आणि सातजणींनी उतरवलेलं प्रॅक्टिकल आणि सकाळी सरांची सही मिळेल की नाही ही धाकधूक! सबमिशनच्या आठवड्यात "जेवलीस का?" च्या आधी "जर्नल कम्प्लीट झालं का?" असं विचारतात.

पण मित्रांनो, या शब्दाला दुसराही अर्थ आहे. शोधनिबंध छापणारं नियतकालिक, ते खरं जर्नल. फायनल इयरला त्याच्याशी आपली गाठ पडते, कारण प्रोजेक्टचा पेपर कुठेतरी पब्लिश करा असा आग्रह असतो. यातला ‘कुठेतरी’ हा शब्द फार महत्त्वाचा.

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका सीनियर ताईच्या ग्रुपने पेपर पाठवला. सोमवारी पाठवला, बुधवारी स्वीकारला! रिव्ह्यूअरचा शेरा दोन शब्दांचा, बिल मात्र अठराशे रुपयांचं. चौघींत साडेचारशे-साडेचारशे. पुढे त्यातल्या एका टेबलमध्ये युनिट चुकलेलं तिचं तिलाच दिसलं. तिने प्रामाणिकपणे कळवलं, तर दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले. चूक आजही तशीच आहे. सर्टिफिकेटचा कागद मात्र एक नंबर!

हे फक्त आपल्याच विंगमधलं दुखणं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (आपल्या भाषेत यूजीसीने) मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली होती. २०१८ साली पुण्यातल्या संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची झाडाझडती घेतली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण कुठल्याही मोठ्या इंडेक्समध्ये नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त सुमार दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नावं यादीतून उडवली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि तिचं काम पुणे विद्यापीठात चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता कुठलं जर्नल चांगलं ते संस्थांनी स्वतः ठरवायचं आहे. म्हणजे चेंडू आपल्या कॉलेजच्या कोर्टात!

मग चांगल्या जर्नलमध्ये का पाठवत नाही? कारण चांगल्यांचे दरवाजे महाग आहेत. काही वाचायलाच पैसे मागतात. काही वाचायला फुकट, पण छापण्यासाठी लेखकाकडून हजार-दोन हजार डॉलर घेतात. वाचण्याच्या प्रश्नावर सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स. पण ती सरकारी संस्थांसाठी. आपण विनाअनुदानित खासगी कॉलेजवाले खिडकीतून बघणार. आणि ही योजना आहे वाचण्याची, आपण केलेलं काम छापायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

यावर एक तिसरा रस्ता आहे आणि तो चक्क लायब्ररीतून जातो. जगभर अनेक विद्यापीठांच्या लायब्रऱ्या स्वतःच जर्नल चालवतात किंवा प्राध्यापकांच्या जर्नलला जागा देतात. ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचणाऱ्याला कुलूप नाही, आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही बिल नाही. यासाठी कॅनडात जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे सॉफ्टवेअर निघालं. पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठाची लायब्ररी त्याला येऊन मिळाली. पेपर घेणं, रिव्ह्यूअरकडे पाठवणं, शेरे परत लेखकाकडे नेणं, अंक लावणं, सगळं त्यात होतं. फुकट आहे, पीएचपीत लिहिलेलं आहे, म्हणजे आपल्या आयटीवाल्यांच्या डाव्या हाताचा मळ! २०२० साली जगात २५ हजारांहून जास्त जर्नल्स यावर चालत होती आणि त्यात सगळ्यात पुढे कोण? अमेरिका नाही, इंडोनेशिया! खऱ्या ओपन ॲक्सेस जर्नलांची जी जागतिक डिरेक्टरी आहे, तीही २००३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या लायब्ररीत सुरू झाली.

महाराष्ट्रातही उदाहरणं आहेत. परळच्या केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजची स्टाफ सोसायटी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवते. म्हणजे कॉलेजमधल्या शिकवणाऱ्या माणसांचं जर्नल. या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी ते इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं आणि तेव्हा लेखकाकडूनही ते फी घेत नसत. आपल्या मुंबई विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेच्या अधिष्ठाता कार्यालयानेही मे २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, ‘संभाषण’ हे खुलं ई-जर्नल सुरू केलं.

परळच्या गोष्टीत एक धडाही आहे. ते जर्नल इंटरनेटवर सांभाळणारी ‘मेडनो’ ही मुंबईची कंपनी २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी कंपनीने विकत घेतली. जर्नल सोसायटीचंच राहिलं, पण ते ज्या घरात राहायचं त्या घराचा मालक बदलला. म्हणून मला वाटतं की घर लायब्ररीचं असावं. लायब्ररी कुणी विकत घेत नाही!

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे जर्नल भरण्याइतकं आहे काय? मलाही तसंच वाटायचं. मी सिव्हिलची. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टचा विषय शोधताना मी लायब्ररीतलं जुन्या रिपोर्टांचं कपाट उघडायला लावलं. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत वाळवीची पावडर. त्यात जांभ्यावरचे तीन रिपोर्ट निघाले, तीन वेगळ्या वर्षांचे. तिघांनीही वेगवेगळ्या चिरेखाणींतले चिरे आणून त्यांची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ काढली होती, कोरड्या आणि भिजवलेल्या चिऱ्याची तुलना केली होती. आणि तिघांपैकी एकालाही दुसऱ्याने हे केलंय याचा पत्ता नव्हता! प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिथेच संपवलं.

रत्नागिरीत निम्मी घरं जांभ्याची. पावसाळ्यात चार महिने भिजणाऱ्या चिऱ्याचं काय होतं हे परदेशी जर्नलला कदाचित महत्त्वाचं वाटणार नाही, पण इथल्या घर बांधणाऱ्याला नक्की वाटेल. तीन वर्षांचे आकडे एकत्र मांडले असते तर चौथ्या ग्रुपला पुढचा प्रश्न घेता आला असता. आमचं प्रोजेक्ट तोच चौथा ग्रुप आहे. ते पाचव्याला सापडेल का, हा माझा खरा प्रश्न आहे.

म्हणून माझी सूचना अशी की आपल्या लायब्ररीने वर्षातून एक अंक काढावा. पेपर सात-आठच, पण वाचून, तपासून. आयएसएसएन नंबर आपल्या देशात फुकट मिळतो. सर्व्हर कॉलेजकडे आहेच. खर्च पैशांचा फार नाही, माणसांच्या वेळाचा आहे. आमच्या लायब्ररियन मॅडमकडे मी विषय काढला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि पुस्तकं कोण इश्यू करणार?" प्रश्न बरोबर आहे. हे काम मॅडमच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. आठवड्याचे ठरावीक तास लावून एखाद्या सरांना आणि चार-पाच मुलांना ते द्यावं लागेल.

दुसरी शंका आमच्या एचओडी सरांनी काढली : "घरचं जर्नल म्हणजे घरचीच पोरं पास!" हेही खरं. तसं झालं तर आपल्यात आणि त्या अठराशेवाल्यांत फरक काय राहिला? म्हणून पेपर तपासणारे बाहेरच्या कॉलेजचे हवेत, आपल्या गाईडना आपल्याच ग्रुपचा पेपर तपासता येऊ नये, आणि चूक सापडली तर दुरुस्ती फुकट आणि सगळ्यांना दिसेल अशी छापावी.

आणखी एक हट्ट. प्रत्येक पेपरला एक पान मराठी सारांश असावा, चिरेखाणवाल्याला आणि गवंड्यालाही वाचता येईल असा. मी कॉन्व्हेंटची, सारांश लिहिताना माझीच सगळ्यात जास्त फेफे उडणार, पण चालेल. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं ते मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी छापूनच. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. बाळशास्त्री तेव्हा विशीतले होते, म्हणजे आपल्याच वयाचे. आणि त्याच्याही चार वर्षं आधी, १८२८ साली, रत्नागिरीत नगर वाचनालय सुरू झालं होतं. वाचनालय आणि नियतकालिक या दोन्ही गोष्टी कोकणाला नव्या नाहीत, आपण फक्त त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आहे.

असो. सॉफ्टवेअर एका संध्याकाळी बसेल, नाव ठेवायला स्पर्धा घेऊ, कव्हरसाठी आपले फोटोग्राफर आहेतच. पण ज्या दिवशी हे जर्नल आपल्याच कॉलेजच्या ग्रुपचा पेपर "पुन्हा टेस्ट करा" म्हणून परत पाठवेल, त्या दिवशी ते खरं जर्नल झालं असं मी मानेन. परत आलेला तो पहिला पेपर आमचा असला तरी हरकत नाही. चिरे आम्ही पुन्हा आणू.