पाणी प्यायलेला ओपल

आमच्या घरात पहिला ओपल आला तो मेलबर्नच्या मावशीकडून. आईसाठी आणलेलं पेंडंट होतं ते. आईची मान जराशी वळली की त्यातला हिरवा निळ्यात शिरायचा आणि मधूनच एक तांबडी ठिणगी चमकून जायची. काही वर्षांनी मात्र कडेकडेने करडं धुकं आत सरकू लागलं. ओळखीच्या सराफाने साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून दिलं, तर ते आणखीच पसरलं. "खडा म्हातारा झाला," आई म्हणाली आणि पेंडंट डबीत गेलं.

तो खडा म्हातारा झाला नव्हता. मुळात तो अख्खा ओपलच नव्हता. ओपलचा पातळ पापुद्रा, खाली काळा आधार, वर पारदर्शक टोपण, आणि हे तिन्ही थर चिकटवलेले. याला ट्रिपलेट म्हणतात. पाणी पुन्हापुन्हा लागलं की जोड सुटतो आणि आतला थर गढूळ दिसतो. कुशल कारागीर तो सोडवून नव्याने चिकटवू शकतो, पण बहुतेकदा मजुरीच किमतीपेक्षा जास्त होते.

माझ्या वाट्याला ओपल आला तो ज्योतिषीबुवांमुळे. शुक्रासाठी हिरा परवडत नसेल तर ओपल घाला, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. शुक्रवारी सकाळी आईने अंगठी कच्च्या दुधात ठेवली, मग पाण्यात, आणि माझ्या बोटात घातली. तोवर खडा काचेसारखा आरपार झाला होता आणि रंग नाहीसे झाले होते. आईचा चेहरा उतरला. तिला वाटलेली भीती मला आजही आठवते, कारण पुढे कित्येक घरांत मी ती पाहिली.

अपशकुन वगैरे काही नव्हतं. तो खडा इथिओपियाच्या वोलो भागातला होता. तिथे 2008 मध्ये मोठा साठा सापडला आणि आज आपल्या बाजारात येणारे पुष्कळ ओपल तिथलेच असतात. ओपल म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल, साधारण 150 ते 300 नॅनोमीटरचे, ओळीने रचलेले. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना दाखवून दिली. रंग खड्यात नसतोच. या ओळींवरून प्रकाश विखुरतो, तेव्हा तो दिसतो. वोलोच्या बहुतेक खड्यांत गोलांमधल्या पोकळ्या मोकळ्या असतात. त्या पाणी पितात, पोकळी आणि गोल यांच्यातला प्रकाशाला जाणवणारा फरक पुसट होतो आणि रंग लपतात. पाणी आपोआप उडून गेलं की परततात. माझेही काही दिवसांनी परतले. घाईने उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरलं असतं तर खडा तडकू शकला असता.

हळद, तेल, अत्तर यांचं तसं नाही. तेही तो पितो, पण सहजी सोडत नाही. पिवळेपणा कधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सावकाश वाळवल्यावर कमी होतो, कधी तसाच राहतो. ओपलचं काठिण्य 5.5 ते 6.5 आणि धुळीतल्या गारेच्या कणांचं 7, म्हणून नुसत्या धुळीनेही चरे पडून तो निस्तेज दिसू लागतो. यावर मात्र खात्रीचा उपाय आहे: जाणत्या कारागिराकडून पुन्हा पॉलिश. आत जाळीदार तडे गेले असतील तर काही करता येत नाही. तेल लावून ते झाकतात, पण थोड्याच दिवसांत पुन्हा दिसू लागतात.

ओपल पाण्यात ठेवावा, असंही सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या खड्याला त्याने ना फायदा ना तोटा, वोलोच्या खड्याचा रंग लपतो आणि ट्रिपलेटचं तर नुकसानच होतं. म्हणून उपायाआधी खडा ओळखायला हवा. घेताना सराफाला विचारा: अख्खा की चिकटवलेला? ऑस्ट्रेलियाचा की इथिओपियाचा? उत्तर बिलावर लिहून घ्या. कणीक मळताना अंगठी काढून ठेवा. आणि विधी करायचाच असेल तर जरूर करा. फक्त दुधाचं बोट अंगठीच्या वळ्याला लावा, खड्याला नको.