उसाच्या वाटेवरची विजेरी

शिवनेरीवरून खालीं पाहावें, तों कुकडीच्या पाण्यावर पोसलेला ऊस दिसतो. जुन्नर-आंबेगांवांतील हाच ऊस आज बिबट्याचें घर आहे. शेतीची वीज रात्रीं आली, कीं दारें धरावयास माणसाला त्याच उसांत जावें लागतें. आणि वाकलेला माणूस बिबट्यास भक्ष्यासारखा भासूं शकतो.

तेव्हां विजेरी खिशांत मावेल अशीच घ्यावी. मोठी असली, कीं ती घरींच राहते. दूरच्या झोतापेक्षां पायवाट व उसाची कड मिळून उजळणारा पसरट उजेड बरा. कळ अंधारांत अंगठ्यास सांपडावी, पावसाचें पाणी आंत शिरूं नये, आणि फोनच्याच वायरीनें ती चार्ज व्हावी.

उजेडानें बिबट्या पळेलच असें नाहीं; पण तो वेळीं दिसतो, व समोर माणूस आहे हें त्यासहि कळतें. म्हणून देवापुढें सांजवात लागण्यापूर्वीं विजेरी चार्ज करून ठेवण्याचें काम घरांत एकाकडे नेमून द्यावें.