समुद्राकाठी वाहिलेली फुले

झांबिया हा तांब्याच्या खाणींचा देश. तिथल्या फुटबॉल संघाला लोक लाडाने 'चिपोलोपोलो' म्हणतात, म्हणजे तांब्याच्या गोळ्या. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये या संघाने बलाढ्य इटलीला ४-० असे हरवले. त्यातले तीन गोल एकट्या कालुशा ब्वाल्याचे होते.

२७ एप्रिल १९९३. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी संघ लष्करी विमानाने सेनेगलला निघाला होता. गॅबनची राजधानी लिब्रेव्हिल येथे इंधन घेऊन विमान उडाले आणि काही क्षणांतच समुद्रात कोसळले. १८ खेळाडूंसह ३० जण गेले. कालुशा हॉलंडच्या क्लबकडून खेळत असल्याने वेगळा जाणार होता, म्हणून वाचला.

सगळे सोबती गेल्यावर मागे उरलेल्याने काय करावे? कालुशा रडत बसला नाही. नव्या मुलांना घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला. वर्षभरातच, १९९४ मध्ये, झांबियाने आफ्रिका चषकाची अंतिम फेरी गाठली. नायजेरियाने २-१ असे हरवले, पण संघ उभा राहिला होता.

पुढे २०१२ चा अंतिम सामना नेमका लिब्रेव्हिललाच आला. खेळाडूंनी आधी समुद्राकाठी जाऊन फुले वाहिली. मग १२ फेब्रुवारीला आयव्हरी कोस्टला पेनल्टींवर ८-७ असे नमवून चषक प्रथमच जिंकला. कालुशा तेव्हा देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता.

चषक मिळाला म्हणून गेलेली माणसे परत येत नाहीत. पण त्यांचे अर्धे राहिलेले काम कुणीतरी पुरे केले, एवढे समाधान मागच्यांना मिळते.